केले, तपासले

शिरगाव, बदलापूर पूर्व
३ मार्च २०२५

चि. किर्ती,

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. कामाचं मी कागदावरच लिहिते हे तुला माहीत आहे. फोनवर माणूस 'हो मॅडम, हो मॅडम' म्हणतो आणि फोन ठेवला की अर्धं विसरतो.

माझा भाचा गंधार तुला आठवत असेल. तू अंबरनाथला आमच्या लॅबमध्ये शिकत होतीस तेव्हा दर महिन्याला साखर तपासायला यायचा आणि बोट पुढे करताना डोळे मिटायचा. आता सत्तावीस वर्षांचा होईल. चिखलोलीला आईजवळ राहतो, एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात केमिस्ट आहे. शाळेत असताना त्याला डायबेटिस निघाला. टाइप वन, म्हणजे शरीर स्वतः इन्शुलिन बनवतच नाही, जन्मभर बाहेरून द्यायचं. ते निदान माझ्या हातच्या सी-पेप्टाइड चाचणीवर झालं. बारा वर्षं तो दिवसाला चार इंजेक्शनं घेतो आहे. एकही डोस चुकलेला नाही, कारण रोज सकाळी साडेसहाला मी फोन करते आणि 'घेतलास?' एवढंच विचारते. फोनचा मला तेवढाच उपयोग.

फेब्रुवारीत तो प्लांटवर साखर उतरून पडला. हनुवटीला चार टाके. कंपनीने त्याला प्लांटवरून काढून ऑफिसात फायलींसमोर बसवलं. त्याची आई, वैदेहीवहिनी, सांगते की ताटात अर्धं टाकतो. तिने त्याला उल्हासनगरला डॉ. रोहरांना दाखवलं. बाईंनी फाईल चाळली आणि म्हणाल्या, "बारा साल हो गए और डोस इतना कम? दादाजी को शुगर, पापा को शुगर, वो भी जवानी में. इसको टाइप वन किसने बोला?" वहिनीने माझं नाव सांगितलं. मग हे सगळं मला येऊन सांगितलं.

बाईंना नवी चाचणी हवी आहे. गंधारचं शरीर अजून इन्शुलिन बनवत असेल तर इंजेक्शनं सुटून गोळीवर भागेल आणि तो प्लांटवर परत जाईल. बनवत नसेल तर आहे तेच, कायमचं. माझ्या मते बनवत नाही. पण मत वेगळं आणि चाचणी वेगळी.

नमुना तू घ्यायचास. आपली जुनी लॅब विकली गेल्यापासून तिथे रक्त एक जण घेतो, मशीन दुसरा चालवतो आणि सही कॉम्प्युटर करतो. मला ज्या हाताची खात्री आहे तो वांगणीला आहे.

उपाशीपोटी पहिला नमुना. मग ते ठरलेलं पेय, दहा मिनिटांत संपवायचं. नव्वद मिनिटांनी दुसरा नमुना. सकाळचं इन्शुलिन त्या दिवशी घ्यायचं नाही. सीरम लगेच वेगळं करून गोठव आणि मुंबईला बर्फात पाठव. साखर तुझ्याकडेच कर. शीटवर नेहमीच्या दोन जागा ठेव: केले, तपासले. 'केले' खाली तुझी सही, 'तपासले' खाली माझी. जो करतो तो तपासत नाही.

उमा चौबळ

---

वांगणी
१० मार्च २०२५

आदरणीय मॅडम,

नमस्कार. काल रविवारी गंधारदादांची टेस्ट झाली. आधी शुक्रवार ठरवला होता, पण शुक्रवारी लाइट जाते आणि सेंट्रिफ्यूज बंद पडला असता, म्हणून रविवार.

पहिला नमुना ८.०५ ला. पेय ८.१० ते ८.१८. दुसरा ९.४०. सकाळचं इन्शुलिन घेतलं का विचारलं, दादा नाही म्हणाले, तसं शीटवर लिहिलंय. पेय बघून म्हणाले, "हे वॉलपेपर चिकटवायला चांगलं आहे." पण संपवलं. शेवटच्या वीस मिनिटांत त्यांना घाम आला. गरम होतंय म्हणाले, मी पंखा वाढवला. नमुना घेतल्यावर लगेच गुळाची चिक्की दिली, मग बरे वाटले. सारखे म्हणत होते, "आत्याला सांगू नका." मी म्हटलं, "आत्यांना सगळं लिहावंच लागतं."

माझी आजी वेणूबाई तिथेच बाकावर बसून होती. तिने विचारलं, "हा बाहेरून इन्शुलिन टोचून घेतो, मग रक्तातलं ह्याचं किती नि बाटलीतलं किती, ते तुला कसं कळणार?" मी तुम्ही आम्हाला शिकवलेलं वालाच्या शेंगांचं सांगितलं. शरीर इन्शुलिन बनवतं तेव्हा शेंग सोलल्यासारखं होतं. दाणा म्हणजे इन्शुलिन आणि टरफल म्हणजे सी-पेप्टाइड. बाटलीतलं इन्शुलिन म्हणजे बाजारातून आणलेले सोललेले दाणे, त्यांना टरफल नसतं. म्हणून दाणे मोजायचे नाहीत, अंगणातली टरफलं मोजायची. आजी म्हणाली, "मग सरळ बोल ना, घरात शेंगा हायेत का ते बघते. उगाच एवढा वेळ पोराला उपाशी ठेवलास."

सीरम काल दुपारीच मुंबईला गेलं. साखरेचे आकडे शीटवर आहेत. शीट अजून पाठवत नाही. मुंबईचा रिपोर्ट आला की एकत्र पाठवते. अर्धा कागद बाहेर पाठवायचा नाही ही तुमचीच शिस्त.

आपली,
किर्ती

---

शिरगाव, बदलापूर पूर्व
१८ मार्च २०२५

चि. किर्ती,

मुंबईचा रिपोर्ट गंधारने मला फोनवर दाखवला. सी-पेप्टाइड उपाशीपोटी ०.५, पेयानंतर ०.३. पेयानंतर चांगलं वर जायला हवं होतं. माझ्या २०१३ च्या रिपोर्टातही ०.३ होतं.

मला आनंद झाला असं म्हणणं बरं दिसत नाही. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. गंधार "ठीक आहे आत्या" म्हणाला आणि चपला घालून खाली गेला. माझ्या हातात असतं तर मी वेगळा आकडा आणला असता. पण आकडे आणायचे नसतात, मोजायचे असतात, आणि मी बारा वर्षांपूर्वी अंबरनाथच्या एका खोलीत, एलायझाच्या प्लेटवर, स्वतःच्या हाताने जे मोजलं तेच आज मुंबईच्या मोठ्या मशीनने मोजलं आहे. याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही. रोहराबाईंनाही कळू दे की टाइप वन 'किसने बोला'.

शीट पूर्ण करून थेट त्यांच्याकडे पाठव. 'तपासले' खाली माझं नाव घाल. मी पाहिलं आहे असं समज.

उमा चौबळ

---

वांगणी
२२ मार्च २०२५

आदरणीय मॅडम,

शीट मी पाठवलेली नाही. त्यावर सहीही केलेली नाही. आधी सगळं वाचा, मग रागवा.

दादांनी तुम्हाला मुंबईचा कागद दाखवला, त्यावर साखर नव्हती. साखर माझ्या शीटवर आहे. पेयाआधी ९४. पेयानंतर नव्वद मिनिटांनी ६१. मी दोनदा केली, ग्लुकोमीटरवर पण बघितली.

त्या पेयात भरपूर साखर असते, मॅडम. डायबेटिस असलेल्या माणसाने इन्शुलिन न घेता ते प्यायलं तर साखर दोनशेच्या वर जायला हवी. दादांची उतरली. घाम आला तो गरमीचा नव्हता, आणि ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती माझी चूक, मी शीटच्या मागे लिहून ठेवलीय.

इन्शुलिन अंगात गेल्याशिवाय साखर अशी उतरत नाही. आणि साखर ६१ असताना शरीर स्वतःचं इन्शुलिन कशाला सोडेल? बाजारातून दाण्यांची पाटी आली तर घरात शेंगा सोलायला कोण बसणार? टरफलं कमी दिसणारच. त्यावरून घरात शेंगा नाहीत असं आपण म्हणू शकत नाही.

अजून एक. ०.५ चे ०.३ झाले. ज्याच्याकडे नाहीच, त्याचं कमी कसं होईल?

"साखर शेजारी नसेल तर सी-पेप्टाइड हा रिपोर्ट नाही, नुसता आकडा आहे." हे वाक्य माझ्या पहिल्या वहीत पहिल्या पानावर आहे. तुम्ही सांगितलेलं, मी लिहिलेलं.

तुमचं नाव मी न विचारता कुठेही घातलं असतं. 'तपासले' खाली नाही घालणार.

आपली,
किर्ती

---

शिरगाव, बदलापूर पूर्व
२६ मार्च २०२५

किर्ती,

पत्र वाचलं.

म्हणजे तुझं म्हणणं असं की माझा भाचा खोटं बोलला. ज्या मुलाने बारा वर्षांत एक डोस चुकवला नाही, तो चाचणीच्या दिवशी सूचना मोडेल आणि वर 'घेतलं नाही' म्हणून सांगेल. तू त्याला महिन्यातून पाच मिनिटं पाहिलंस. मी त्याला वाढताना पाहिलं आहे.

एक खोली, एक सेंट्रिफ्यूज आणि दारावर पाटी आली की माणसाला आपण सगळ्यांना तपासू शकतो असं वाटायला लागतं. माझे शब्द मला परत पाठवण्याआधी ते कोणी कोणाला शिकवले याचा विचार करायचा होतास.

शीट ठेव तुझ्याकडे. नवी चाचणी मी दुसरीकडून करून घेईन.

उमा चौबळ

---

चिखलोली
५ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

तुला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ, त्यामुळे अक्षर चालवून घे. तोंडावर सांगायला जमलं नसतं म्हणून लिहितोय.

किर्तीचं पत्र आलं. पत्र म्हणजे एकच ओळ. "दादा, टेस्टच्या दिवशी सकाळी साडेसहाला काय झालं?" तुझीच स्टुडंट, फोन करत नाही.

आत्या, साडेसहाला तुझा फोन आला. तू नेहमीसारखं विचारलंस, "घेतलास?"

तुला आठवणार नाही. तू तो फोन करतेस तेव्हा एकीकडे दूध तापवत असतेस, मला आवाज येतो. पण मी पेन हातात घेऊन बसलो होतो. किर्तीच्या कागदावर लिहिलं होतं, घ्यायचं नाही. आणि इकडून तू विचारत होतीस. मी "आज घ्यायचं नाहीये ना" एवढं म्हणायला पाहिजे होतं, अर्ध्या मिनिटाचं काम. पण तुझ्या त्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर मी आयुष्यात कधी दिलेलं नाही. तोंडून 'घेतो' निघालं. आणि एकदा तुला 'घेतो' म्हटलं की मी घेतो. ठरलेला डोस, पूर्ण.

मग वांगणीला किर्तीने विचारलं तेव्हा वाटलं, आता खरं सांगितलं तर ती तुला लिहिणार, तू म्हणणार एवढी साधी सूचना पाळता आली नाही. म्हणून तिला नाही म्हणालो. साला, एका सकाळी दोन बायकांना घाबरून दोन वेगळी उत्तरं दिली.

रिपोर्ट आल्यावर तू म्हणालीस, "बघ, मी सांगितलं होतं." तेव्हाही खरं सांगितलं नाही. खाली जाऊन पार्किंगमध्ये उभा राहिलो. मला वाटलं, असेलही तसंच, काय फरक पडतो. पण फरक पडतो गं. ऑफिसात त्या फायलींसमोर बसलो की खिडकीतून रिॲक्टर दिसतो. मला तिथे जायचंय.

किर्तीवर रागावू नकोस. ती बरोबर होती.

गंधार

---

शिरगाव, बदलापूर पूर्व
८ एप्रिल २०२५

चि. गंधार,

पत्र मिळालं. किर्तीशी खोटं बोललास हे वाईट केलंस. तुला खोटं बोलावं लागेल एवढा धाक मी घातला, हे त्याहून वाईट.

रविवारी, १३ तारखेला, वांगणीला जा. मी किर्तीला लिहिते आहे. सकाळचं इन्शुलिन घेऊ नकोस. मी फोन करणार नाही.

अक्षर सुधार.

आत्या

---

शिरगाव, बदलापूर पूर्व
८ एप्रिल २०२५

चि. किर्ती,

तू बरोबर होतीस. गंधारने डोस घेतला होता. मी फोन करून घ्यायला लावला होता. तुला लिहिलेल्या सूचना माझ्या, त्या मोडणारीही मीच, आणि मला पत्ताही नाही.

हे वाचल्यावर मी माळ्यावरून २०१३ चं रजिस्टर काढलं. सबंध दुपार घेऊन बसले. तुला सांगायलाच हवं असं त्यात आहे.

१४ जून २०१३. गंधार बाळ चौबळ. साखर ४१२. सी-पेप्टाइड ०.३. लघवीत ॲसिटोन: नाही. शरीरात इन्शुलिन मुळीच नसेल आणि साखर चारशेच्या वर असेल तर लघवीत ॲसिटोन दिसतंच, निदान दिसायला हवं. तो 'नाही' माझ्या अक्षरात आहे. मी लिहिला आणि पुढे गेले.

साखर कित्येक आठवडे इतकी चढलेली असली की शरीर दमतं आणि बनवत असलेलं इन्शुलिनही सोडत नाही. तेव्हा मोजलेलं सी-पेप्टाइड खरं नसतं. साखर ताब्यात आली की पुन्हा मोजायचं असतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसं लिहिलंही होतं: तीन महिन्यांनी पुन्हा. ती चिठ्ठी पानाला टाचलेली आहे. पुन्हा केलेली नोंद कुठेच नाही. मला आठवतं, बाळने विचारलं होतं, "ताई, ती दुसरी टेस्ट?" मी म्हटलं, "माझ्या लॅबचा रिपोर्ट आहे, पुन्हा कशाला?" बाळ माझा धाकटा भाऊ. त्यानेही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तो जाऊन सहा वर्षं झाली, नाहीतर त्यालाही हे पत्र लिहिलं असतं.

आणि सह्या. 'केले' खाली माझी. 'तपासले' खालीही माझी.

तपासायला कोणी नव्हतं असं नाही. सुदाम होता. तुझ्या आधी आठ वर्षं लॅबमध्ये होता. त्याने तेव्हाच विचारलं होतं, "मॅडम, एवढी साखर आणि ॲसिटोन नाही?" मी त्याला बाटल्या धुवायला पाठवलं. घरातलं मूल होतं, म्हणून मी नियम मोडला. घरातलं होतं म्हणून तर तो जास्त पाळायचा होता.

त्या एका पानावर पोराने बारा वर्षं सुया टोचून घेतल्या. कदाचित गरज होती, कदाचित नव्हती. ते अजून आपल्याला माहीत नाही, आणि माहीत नाही हेच मी तेव्हा लिहायला हवं होतं.

रविवारी चाचणी पुन्हा कर. माझ्या मागच्या पत्रातलं पाटीबद्दलचं वाक्य मी परत घेते. पाटी चांगली आहे. गेल्या वर्षी येऊन पाहून गेले होते, तेव्हा बोलले नाही.

उमा चौबळ

---

वांगणी
२१ एप्रिल २०२५

आदरणीय मॅडम,

शीट सोबत जोडली आहे. 'केले' खाली माझी सही आहे. 'तपासले' रिकामं आहे. ते भरून तुम्हीच रोहरा मॅडमकडे पाठवा.

पेयाआधी साखर १४८, सी-पेप्टाइड १.२. नव्वद मिनिटांनी साखर २६२, सी-पेप्टाइड ३.४.

अंगणभर टरफलं आहेत, मॅडम. बारा वर्षं शेंगा घरातच होत्या.

रिपोर्ट उघडला तेव्हा आजी शेजारी होती. मी काही बोलले नाही तर म्हणाली, "मेलं कोण?" मी सांगितल्यावर तिने देवाला साखर ठेवली. मी म्हटलं, "डायबेटिसचा रिपोर्ट आहे, गूळ तरी ठेव." म्हणाली, "देवाला नाय होत."

टेस्टच्या दिवशीचं एक सांगते. या वेळी वैदेहीकाकू सोबत आल्या होत्या. इन्शुलिनचं पेन त्यांनी पर्समध्ये ठेवून चेन लावली होती. पण दादांचं लक्ष नव्हतं, पुन्हा पुन्हा मोबाइल बघत होते. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "सकाळी साडेसहाला फोन वाजला नाही, तर ह्याचा चेहरा उतरला. म्हणे आत्याला काही झालं नसेल ना. पावणेसातला चपला घालून बदलापूरला निघाला होता. मी दारातून ओढून आणला."

पेयाला या वेळी काही नाव ठेवलं नाही. आठ मिनिटांत संपवलं.

आपली,
किर्ती

---

शिरगाव, बदलापूर पूर्व
६ जुलै २०२५

चि. किर्ती,

शीट मी तपासली, सही केली, आणि स्वतः घेऊन उल्हासनगरला गेले. २०१३ चं रजिस्टरही नेलं. रोहराबाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आप ये खुद लेके आयीं? लोग तो ऐसा पन्ना फाड़ देते हैं." मी म्हटलं, आमच्या लॅबमध्ये पान फाडत नसत. त्यांनी मला चहा दिला आणि पेशंटना अर्धा तास थांबवलं. बाई चांगल्या आहेत.

मग जनुकांची तपासणी झाली. घराण्यातून येणारा डायबेटिस निघाला. आमचे आप्पा, मग बाळ, मग गंधार, तिघांना एकच दोष. शरीर इन्शुलिन बनवतं, पण साखर वाढली की सोडायला हवं तेवढं सोडत नाही. एका लहानशा गोळीने सोडायला लागतं. बाईंनी रोज साखर बघत, तीन आठवड्यांत एकेक करून चारही इंजेक्शनं बंद केली. एक जुलैला कंपनीच्या डॉक्टरने त्याला प्लांटवर जायची परवानगी दिली. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो घरी जाण्याआधी इकडे आला. बोटांना निळा रंग होता. मी हात धुवायला सांगितलं नाही.

साडेसहाला मी आता फोन करत नाही. तो करतो. "आत्या, चहा घेतलास?" एवढंच विचारतो. मी खरं उत्तर देते.

सुदामला शोधून काढलं. अंबरनाथलाच असतो, नातवंडं आहेत. मी त्याला सगळं सांगितलं, बाटल्यांचंही. तो म्हणाला, "मॅडम, मला तर आठवतही नाही." त्याला आठवतं.

चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून एकवीस जण शिकून गेले. दोघं परदेशात आहेत, एकाची पाच मजली लॅब आहे. वर्तमानपत्रात फोटो येतात. पण माझ्या कागदावर सही करायला नकार देणारी तू एकटीच. तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. आता मी ते शिरगावात भाजीवालीपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सांगते, आणि कोणी मध्ये बोललं तर पहिल्यापासून सांगते.

सोबत रजिस्टर पाठवते आहे. पान ८७ उघड. 'तपासले' खालच्या माझ्या सहीवर मी एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी, शेजारी आजची तारीख. पुढे जागा सोडली आहे. बारा वर्षं ती रिकामीच होती, फक्त मी तिथे लिहून ठेवलं होतं.

ती तुझी जागा आहे.

उमा चौबळ

---

वांगणी
१२ जुलै २०२५

आदरणीय मॅडम,

रजिस्टर मिळालं. तुम्ही सांगितलं म्हणून लगेच सही केली नाही. दोन संध्याकाळी बसून पान ८७ एकेक ओळ टाचलेल्या चिठ्ठ्यांशी ताडून बघितलं. साखर बरोबर. ॲसिटोन बरोबर. सी-पेप्टाइड तुम्ही मोजलं तेवढंच होतं, मोजण्यात चूक नाही. खाली शेरा लिहिला: 'साखर फार चढलेली असताना घेतलेला नमुना, पुन्हा तपासणी आवश्यक होती, १३ एप्रिल २०२५ ची शीट पाहावी.'

अजून एक चूक सापडली. वयाच्या रकान्यात तुम्ही पंधरा वर्षं लिहिलंय. दादांची जन्मतारीख २ जुलै १९९८. त्या दिवशी त्यांना पंधरावं पूर्ण व्हायला अठरा दिवस कमी होते. रेघ मारून दुरुस्त केलंय, शेजारी माझी आद्याक्षरं आहेत.

आजी म्हणते, शेंगांचा मोसम आला की तुझ्या बाईला जेवायला बोलव. सोलायला तिलाच बसवते.

रजिस्टर मी परत पाठवत नाही. इथे कपाटात ठेवलंय. नवीन दोन मुली शिकायला आल्यात, वैष्णवी आणि जिज्ञासा. पहिल्या दिवशी त्यांना हेच पान दाखवलं.

केले: उमा चौबळ
तपासले: किर्ती म्हसकर